अंथरूण कोणी आखूड केले?

ब्रिटनमधील विद्यापीठांचे पदवीदान समारंभ उरकले की तेथील वृत्तपत्रांच्या आर्थिक पानांवर आणि बँकांच्या पत्रकांतून दरवर्षी एक ठरावीक उपदेश सुरू होतो. विद्यार्थिदशेत बँकेच्या खात्यावर काढलेली जादा उचल, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, आता शिस्तीने फेडा; खर्चाची वही ठेवा; बाहेरचे जेवण बंद करा; चैनीला आवर घाला. थोडक्यात, अंथरूण पाहून पाय पसरा. उपदेश ऐकायला निर्दोष आहे. कर्ज बुडवावे आणि उधळपट्टी करावी, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु या उपदेशात एक प्रश्न साळसूदपणे गाळलेला असतो. बावीस वर्षांच्या मुलामुलींचे पाय एकाएकी लांब झाले, की त्यांच्या अंगाखालचे अंथरूणच कोणी तरी वर्षानुवर्षे आखूड करीत आणले?

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनच्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलेले आहे. ते वाचले म्हणजे ‘उचलीचे व्यवस्थापन’ या गोंडस नावाखाली काय चालले आहे, याचा उलगडा होतो. जी जबाबदारी समाजाची होती ती प्रथम कुटुंबावर ढकलली गेली, कुटुंबाला पेलेना तेव्हा बँकेकडे गेली, आणि अखेरीस पदवीधराच्या वैयक्तिक चारित्र्याचा प्रश्न म्हणून त्याच्या माथी मारली गेली.

उचलीची चाल

ही उचल आहे तरी कशी? विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या तरुणाला ब्रिटनमधील मोठ्या बँका खास विद्यार्थी-खाते उघडून देतात. खात्यात शिल्लक नसली तरी एका मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची मुभा असते. ही मर्यादा साधारणतः एक हजारापासून तीन हजार पौंडांपर्यंत असते आणि तेवढ्या रकमेवर व्याज नसते. शिक्षण संपले की हे खाते पदवीधर-खात्यात बदलते. तेथे बिनव्याजी मर्यादा वर्षागणिक खाली येते. उदाहरणादाखल, पहिल्या वर्षी तीन हजार, दुसऱ्या वर्षी दोन हजार, तिसऱ्या वर्षी एक हजार. त्यानंतर पदवीधर सामान्य खातेदार होतो आणि उरलेल्या रकमेवर सामान्य दराने व्याज सुरू होते.

बँकेला विद्यार्थ्यांचा कळवळा आला म्हणून ही सवलत मिळते, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. अठराव्या वर्षी जेथे खाते उघडले तेथेच माणूस पुढे पगार जमा करतो, तेथेच घरासाठी कर्ज मागतो, हा बँकांचा जुना अनुभव आहे. तीन वर्षांचे सोडलेले व्याज म्हणजे पुढील तीस-चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक बांधून घेण्यासाठी दिलेला विसार होय. शिवाय या उचलीचे एक कलम बहुतेक विद्यार्थी वाचीत नाहीत. ही रक्कम मागताक्षणी परत करावयाची असते. मर्यादा कमी करण्याचा किंवा सवलत काढून घेण्याचा अधिकार बँकेने आपल्याकडे राखून ठेवलेला असतो. विद्यार्थ्याला जो आधार वाटतो तो कायद्याच्या भाषेत बँकेच्या मर्जीवर टांगलेला असतो.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना या व्यवहाराची जात ओळखणे अवघड जाऊ नये. बीडचा ऊसतोड कामगार हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि कोयता हाती घेण्याआधीच त्याचे श्रम गहाण पडतात. ब्रिटिश पदवीधराचे हाल ऊसतोड कामगारासारखे आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याला मारहाण होत नाही, त्याची बायकापोरे पाचटाच्या खोपीत राहत नाहीत. पण व्यवहाराचे सूत्र एकच आहे. मजुरी हाती पडण्यापूर्वी कर्ज हाती पडते आणि कर्ज असलेला माणूस मजुरीचा सौदा वाकून करतो. ज्याला पुढच्या महिन्यात उचलीचा हप्ता भरायचा आहे तो मिळेल ती नोकरी, मिळेल त्या पगारावर पत्करतो. संघटनेत जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. मालकवर्गाला अशी आयती शिस्त फुकटात मिळते.

अनुदानाकडून कर्जाकडे

ब्रिटनमध्ये हे नेहमीच असे नव्हते. १९६२ च्या शिक्षण कायद्याने पूर्ण वेळ पहिली पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी अनुदान देणे स्थानिक शिक्षण संस्थांवर बंधनकारक केले. अनुदानाची रक्कम पालकांच्या उत्पन्नानुसार ठरे. शिकवणीचे शुल्क मात्र सार्वजनिक तिजोरीतून भरले जाई. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, रॉबिन्स समितीने आपला अहवाल दिला. ज्यांची पात्रता आहे आणि ज्यांना शिकण्याची इच्छा आहे अशा सर्वांना उच्च शिक्षणाची दारे खुली असावीत, हे तत्त्व तिने मांडले. खाणकामगाराची, गिरणीकामगाराची मुले विद्यापीठात जाऊन कर्जाशिवाय बाहेर पडत, ती या व्यवस्थेमुळे. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. विद्यापीठात पोहोचणाऱ्यांची संख्याच तेव्हा थोडी होती आणि त्यांत वरच्या वर्गाचा भरणा अधिक होता. परंतु दार उघडल्यावर आत येणाऱ्याच्या हाती कर्जाची चिठ्ठी ठेवली जात नव्हती.

ही व्यवस्था एका फटक्यात मोडली गेली नाही. ती वीट वीट करून काढून नेण्यात आली. १९९० साली थॅचरबाईंच्या हुजूर सरकारने अनुदानाची रक्कम गोठवली आणि त्याच्या जोडीला विद्यार्थी-कर्ज आणले. त्याच वर्षी बहुतेक पूर्ण वेळ विद्यार्थ्यांचा घरभाडे-साहाय्याचा आणि सुटीतील बेकारी भत्त्याचा हक्कही गेला. १९९८ साली वर्षाला १,००० पौंड शुल्क लागू झाले आणि १९९९ साली निर्वाह-अनुदान बंद झाले. हे काम हुजूर पक्षाचे नव्हते. ते ब्लेअर यांच्या मजूर पक्षाचे होते, हे समाजवाद्यांनी न लपवता सांगितले पाहिजे. अनुदान २००४ पासून अंशतः परत आले. पण २००६ साली शुल्काची कमाल मर्यादा ३,००० पौंडांवर गेली. त्यापूर्वी जानेवारी २००४ मध्ये या विधेयकाचे दुसरे वाचन अवघ्या पाच मतांनी निभावले होते. मजूर पक्षाच्याच कित्येक सभासदांनी विरोधात मत दिले होते, म्हणूनच बहुमत इतके आटले.

२०१० च्या निवडणुकीपूर्वी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी शुल्कवाढीला विरोध करण्याची लेखी प्रतिज्ञा केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लंडनच्या रस्त्यांवर विद्यार्थी मोर्चे काढीत असताना, त्या पक्षाच्या सत्तेत बसलेल्या नेत्यांनी ही कमाल मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत नेण्याच्या बाजूने मतदान केले. २०१२ पासून ती अमलात आली. २०१७ साली ९,२५० आणि २०२५ साली, पुन्हा मजूर पक्षाच्या राजवटीत, ९,५३५ पौंड झाली. दरम्यान २०१६ साली इंग्लंडमधील नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह-अनुदान पुन्हा बंद करून त्याची जागा कर्जाला देण्यात आली. जो सर्वांत गरीब तोच सर्वांत मोठे कर्ज घेऊन बाहेर पडणार, असा उफराटा न्याय प्रस्थापित झाला.

निर्वाह-कर्जाचे उदाहरण घेतले म्हणजे अंथरूण कसे आखूड होते ते नेमके दिसते. २०२५-२६ मध्ये घर सोडून लंडनबाहेर शिकणाऱ्या इंग्लंडच्या विद्यार्थ्याला जास्तीत जास्त १०,५४४ पौंड कर्ज मिळण्याची तरतूद होती. पण ही पूर्ण रक्कम ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांपर्यंत आहे त्याच्याच मुलाला मिळे. त्यापुढे रक्कम घटत जाई आणि शेवटी निम्म्याहूनही खाली येई. २५,००० ची ही मर्यादा २००८ सालापासून हललेली नव्हती. सतरा वर्षांत भाकरी महागली, भाडे वाढले, पगाराचे आकडेही फुगले. मर्यादा मात्र जागच्या जागी राहिली. २००८ साली जे कुटुंब गरीब गणले गेले असते तेच आता कागदावर सुखवस्तू ठरले. उरलेला भार पालक उचलतील, असे सरकार गृहीत धरते. पालकांजवळ नसेल तर? तेव्हा बँकेची उचल. म्हणजे ही उचल चैनीपोटी जन्मलेली नाही. सरकारने सोडलेल्या खड्ड्यात ती साचलेली आहे. ज्याचा बाप भाडे भरू शकतो त्याच्या खात्यावर ती क्वचितच उरते. बसवाहकाच्या, परिचारिकेच्या, एकट्या आईच्या मुलीच्या खात्यावर ती उरते. आणि मग तिलाच काटकसरीचे धडे दिले जातात.

चाळीस टक्क्यांचा न्याय

सवलतीची मुदत संपली म्हणजे काय होते? पूर्वी बँका ठरीव दंड आणि दैनिक आकार लावीत. मर्यादेबाहेर गेल्यास शुल्क वेगळे. ब्रिटनच्या वित्तीय नियंत्रक संस्थेनेच जाहीर केल्यानुसार, २०१७ साली बँकांनी या उचलींवर २.४ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम मिळवली. बिगरमंजुरीच्या उचलीवरील शुल्कापैकी निम्म्याहून अधिक रक्कम २०१६ साली केवळ दीड टक्के ग्राहकांच्या खिशातून आली होती. दीड टक्के कोण, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. ज्यांच्या खात्यात महिन्याअखेर काहीच उरत नाही, ते.

हा अन्याय इतका उघडा होता की एप्रिल २०२० पासून नियंत्रकाने ठरीव दंडांना बंदी घातली आणि बँकांनी एकच वार्षिक व्याजदर लावावा, असा नियम केला. नियम योग्य होता. चुकून मर्यादा ओलांडणाऱ्या गरीब खातेदाराला त्याने खरा दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दराला कमाल मर्यादा न घातल्यामुळे बँकांनी एका हाताने सोडलेले दुसऱ्या हाताने ओढून घेतले. एकामागून एक मोठ्या बँकांनी आपला दर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. आणि वेळ कोणती? मार्च २०२० मध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपला मूळ दर ०.१ टक्क्यावर आणला होता. बँकांना पैसा जवळजवळ फुकट. खातेदाराला चाळीस टक्क्यांनी.

या दराचा अर्थ पदवीधराच्या भाषेत सांगायचा तर असा. बिनव्याजी मुदत संपताना २,००० पौंडांची उचल शिल्लक असेल आणि ती तशीच राहिली, तर वर्षाअखेर सुमारे ८०० पौंड व्याज चढते. दोन हजारांची मूळ रक्कम पुस्तकांत, भाड्यात, प्रवासात गेली. हे आठशे कशात गेले? ते कोणत्याही सेवेचे मोल नाही. ते गरजेचे मोल आहे.

महाराष्ट्राला दामदुपटीचा न्याय पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. व्याजाची थकबाकी मुद्दलाच्या वर जाता कामा नये, असे आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राने सावकाराला बजावले होते. ब्रिटनने २०१५ साली अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर नेमका हाच न्याय लावला. दिवसाला ०.८ टक्क्याहून अधिक आकार नको आणि एकूण आकार मुद्दलापेक्षा जास्त नको. म्हणजे गल्लीतल्या सावकाराला वेसण घालता येते, हे तेथील राज्यकर्ते जाणतात. काचेच्या दालनातल्या सावकारापुढे मात्र त्यांचे हात थरथरतात.

याच बँकांची २००८ साली काय अवस्था होती? स्वतःचे अंथरूण न पाहता पाय पसरल्यामुळे त्या कोलमडल्या. त्यांपैकी एकट्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने ४५.५ अब्ज पौंड ओतले. मे २०२५ मध्ये सरकारने तिचे शेवटचे शेअर विकले तेव्हा या व्यवहारात सार्वजनिक तिजोरीला सुमारे दहा अब्ज पौंडांची खोट आली होती. बँकेच्या तोट्याचे व्यवस्थापन समाजाने करावयाचे आणि विद्यार्थ्याच्या उचलीचे व्यवस्थापन त्याने एकट्याने, उपाशी राहून करावयाचे. भांडवलशाहीतील काटकसरीचा अर्थ याहून स्वच्छ शब्दांत सांगता येणार नाही.

चार आक्षेप

या मांडणीवर काही आक्षेप हमखास घेतले जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, पदवीधर इतरांपेक्षा जास्त कमावतो, तेव्हा त्याने फेडावे यात गैर काय? आता ब्रिटनमधील आकडे पाहा. ऑगस्ट २०२३ पासून शिक्षण सुरू करणाऱ्या इंग्लंडच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी कर्जाची परतफेड २५,००० पौंड वार्षिक उत्पन्नापासून सुरू होते. त्यावरील उत्पन्नाच्या ९ टक्के, आणि तेही चाळीस वर्षांपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये तेथील प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड ठरले. आठवड्याला चाळीस तास या दराने वर्षभर काम केले तर २५,३९७ पौंड होतात. म्हणजे किमान वेतनावर राबणारा पदवीधरही ‘जास्त कमावणारा’ म्हणून वसुलीच्या जाळ्यात येतो. या मर्यादेपुढच्या प्रत्येक पौंडातून २० पेन्स प्राप्तिकर, ८ पेन्स राष्ट्रीय विमा आणि ९ पेन्स कर्जाचा हप्ता जातो. हाती ६३ पेन्स उरतात. त्यांतून घरभाडे, प्रवास, अन्न आणि बँकेची उचल. खरोखरच जे भरपूर कमावतात त्यांच्याकडून अधिक घेण्याचा सरळ मार्ग चढत्या प्राप्तिकराचा आहे. तो पदवीधरालाही लागू पडतो, पदवी न घेता वडिलार्जित इस्टेटीवर जगणाऱ्यालाही. म्हणूनच तो नको असतो.

दुसरा आक्षेप असा की, उचल कोणी बळजबरीने दिली नव्हती. हा युक्तिवाद जुना आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले तेव्हाही, रोख्यावर अंगठा कोणी बळजबरीने उमटवला होता काय, असेच विचारले गेले. आणि लग्नकार्यातील उधळपट्टी हेच कर्जाचे मूळ, असे सांगणारे तेव्हाही थोडे नव्हते. तरीही १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात, रोख्यावरील आकड्यापुढे न थांबता व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा लागला. परकीय सरकारलाही जे कबूल करावे लागले ते लोकनियुक्त सरकारांना का कळू नये? सहीमागची गरज पाहिल्याखेरीज सहीचा अर्थ लागत नाही.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. पैसा आणायचा कोठून? जर्मनीतील राज्यांनी काही काळ लावलेले शिकवणी-शुल्क एकेक करून रद्द केले; २०१४ साली शेवटचे राज्यही त्यांत सामील झाले. खुद्द ब्रिटनच्या अंतर्गत असलेल्या स्कॉटलंडमध्ये तेथील रहिवासी विद्यार्थ्यांना पहिल्या पदवीसाठी शुल्क भरावे लागत नाही. पदवीनंतर घेतली जाणारी तेथील ठरीव रक्कमही २००८ साली रद्द झाली. एकाच राजाच्या दोन प्रांतांत एकीकडे शुल्क नाही आणि दुसरीकडे साडेनऊ हजार पौंड, ही निसर्गाची करणी नव्हे. ती राजकीय निवड आहे.

चौथा आक्षेप अधिक सभ्य आहे. व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, आज त्या पदवीधराने काय करावे? हा प्रश्न टाळणे हा पुस्तकी क्रांतिकारकांचा दोष आहे. उत्तर सरळ आहे. सवलतीची मुदत कोणत्या तारखेला संपते ते आधी पाहावे आणि खाते परस्पर सामान्य खात्यात न जाऊ देता पदवीधर-खाते मागून घ्यावे. दुसऱ्या बँकेच्या अटी बऱ्या असतील तर तिकडे जावे. मर्यादा जितकी खाली येणार असेल तितकी रक्कम बारा हप्त्यांत वाटून पगाराच्या दिवशीच वळती करावी. सरकारी कर्जाआधी ही उचल फेडावी. कारण सरकारी कर्जाचा हप्ता पगार कमी झाला की आपोआप थांबतो, उचल थांबत नाही आणि तिची थकबाकी पतनोंदीत सहा वर्षे राहते. एक उचल फेडण्यासाठी दुसरे महागडे कर्ज काढू नये. झेपत नसेल तर तोंड लपवू नये. बँकेला लेखी कळवावे आणि विनामूल्य सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्थांकडे जावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु हे सारे बुडणाऱ्याने हातपाय मारण्यासारखे आहे. हातपाय मारलेच पाहिजेत. पण पोहण्याचे वर्ग काढले म्हणून नदीवर पूल नको, असे म्हणणाऱ्याचा हेतू शुद्ध नसतो.

२००७ चा धडा

एकेकट्याने हातपाय मारण्यात आणि संघटित होण्यात काय फरक पडतो, याचा पुरावा याच उचलीच्या इतिहासात आहे. २००७ च्या उन्हाळ्यात एचएसबीसी या बलाढ्य बँकेने नव्या पदवीधरांच्या बिनव्याजी उचलीची सवलत काढून घेतली आणि १,५०० पौंडांपर्यंतच्या रकमेवर ९.९ टक्के व्याज सुरू केले. पदवीधर तेव्हा आपापल्या गावी पांगलेले होते; त्यांचा आवाज उठणार नाही, असा बँकेचा हिशेब असावा. तो चुकला. ब्रिटनच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेच्या पुढाकाराने फेसबुकवर हजारो पदवीधर एकत्र आले आणि खाती बंद करण्याची भाषा सुरू झाली. ऑगस्ट संपण्यापूर्वी बँकेने माघार घेतली आणि आकारलेले व्याज परत करण्याचे मान्य केले. खर्चाच्या हजारो वह्यांनी जे साधले नसते ते काही आठवड्यांच्या एकजुटीने साधले.

याच्या उलट चित्र न्यायालयात दिसले. उचलीवरील शुल्क अन्याय्य आहे काय, याची तपासणी करण्याचा अधिकार सरकारच्याच ग्राहक-संरक्षण कार्यालयाने मागितला, तेव्हा नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने कौल दिला. दंड हा बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहे, तेव्हा ती किंमत रास्त आहे की नाही हे त्या नियमांखाली पाहता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कायदा सावकाराच्या बाजूने लिहिलेला असेल तर न्यायाधीश काय करणार? कायदा बदलावा लागतो, आणि तो संघटित बळावर बदलतो.

महाराष्ट्राने काय घ्यावे

सातासमुद्रापलीकडची ही कहाणी महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी केवळ कुतूहल म्हणून वाचू नये. या राज्याने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. २००१ साली भारतीय बँक संघाने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. शुल्क आधी आले, कर्ज मागाहून आले. ब्रिटनमध्ये क्रम उलटा होता, कर्ज आधी आले आणि शुल्क मागाहून, आणि तेथे दोन्ही सरकारने आणले. येथील कर्जाची मुदत विद्यार्थ्याला तेथील बिनव्याजी उचलीपेक्षाही कठोर आहे. शिक्षण सुरू असताना हप्ता नसतो, पण व्याजाचे मीटर पहिल्या दिवसापासून फिरत असते; शिक्षण संपल्यावर सामान्यतः वर्षभराने हप्ता सुरू होतो, मग नोकरी लागलेली असो वा नसो. कर्जावर मुलाच्या जोडीला बापाची सही असते आणि रक्कम मोठी असल्यास घर किंवा जमीन तारण असते. तेथे पदवीधर एकटा अडकतो. येथे सारे घर अडकते. जे मराठी विद्यार्थी ब्रिटनमध्येच शिकायला जातात त्यांच्या वाट्याला दोन्ही बाजूंचा जाच येतो. तेथील बहुतेक बँकांच्या वास्तव्याच्या अटीमुळे बिनव्याजी उचल त्यांना मिळत नाही आणि येथील कर्जाचे व्याज चढत राहते.

वास्तविक महाराष्ट्राची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला तो सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका स्नेह्याकडून उसने घेतलेले पैसे एकत्र करावे लागले. बँकेने चाळीस टक्क्यांचा हिशेब मांडला असता तर या देशाच्या घटनेचे काय झाले असते, याचा विचार शिक्षणाला ‘वैयक्तिक गुंतवणूक’ म्हणणाऱ्यांनी एकदा करावा. विद्या मिळवणाऱ्याचा फायदा होतो हे खरे. पण त्याहून मोठा फायदा समाजाचा होतो, म्हणून खर्चाचा मोठा वाटाही समाजाचाच.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. निर्वाहाचा खर्च भागेल एवढी शिष्यवृत्ती, आणि तिची उत्पन्नमर्यादा दरवर्षी महागाईबरोबर वाढवण्याची कायदेशीर हमी. कारण गोठवलेली मर्यादा ही न बोलता केलेली कपात असते. शिक्षण सुरू असताना आणि नोकरी लागेपर्यंत कर्जावर व्याज नाही. हप्ता उत्पन्नानुसार, आणि त्याची मर्यादा किमान वेतनाच्या कितीतरी वर. कोणत्याही शैक्षणिक कर्जाला दामदुपटीचा न्याय. आणि या सर्वांच्या मुळाशी, शुल्काविना सार्वजनिक उच्च शिक्षण.

जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील कर्जदार पदवीधर आणि त्यांचे पालक यांना एकत्र आणून प्रत्यक्ष कर्जपत्रांचे वाचन सुरू करावे. कोणत्या कलमाने काय बांधले आहे हे चार जणांत बसून वाचले की निम्मी लाज तेथेच गळून पडते आणि तिची जागा प्रश्न घेतात. जो तरुण आपल्या उचलीकडे स्वतःचा नाकर्तेपणा म्हणून पाहतो तो रात्री एकटा जागतो. जो तिच्यात धोरणाचा हिशेब वाचतो तो सकाळी दुसऱ्याचे दार ठोठावतो. पाय दुमडून घेण्याचा उपदेश पुष्कळ झाला. आता कापड कोणी कापले ते विचारण्याची आणि ते परत मागण्याची वेळ आहे.